वेंगुर्ल्याचं पाणी

आप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि या वयात मी तुमचं वेंगुर्लं लिहायला घेतलं आहे. सकाळचा चहा झाला की टिळकवाडीतल्या फ्लॅटच्या खिडकीशी बसते. इंग्रजांनी रेल्वे लोंढ्यावरून गोव्याच्या बंदराला नेलीच नाही, आंबोलीचा घाट उतरवून वेंगुर्ल्याला नेली, असं धरून पुढचं सगळं. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला आणि 'असं झालं असतं तर' म्हणणाऱ्यांना वर्गात खाली बसवलं, ती मी हे लिहिते आहे.

वेंगुर्ल्याचं ते बंदर तुम्ही शहापूरच्या घरात, मागापाशी बसून बांधलंत. उभ्या धाग्यांचा ताणा विणून संपला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडायचा. हजारो धागे, दोन दिवसांचं काम. मी धागा काढून देते, तुम्ही राख लावलेल्या बोटांनी पीळ देता, आणि बोलता. वेंगुर्ल्याच्या धक्क्याला जहाजं लागली आहेत, डचांच्या जुन्या वखारीत आपल्या लुगड्यांचे गठ्ठे पडलेत, आणि मालाबरोबर शहापूरचा एक गडी गेला आहे. बाकीचं दर वेळी थोडं बदलायचं, तो गडी मात्र असायचाच. "सकाळच्या गाडीनं गेला, सांजच्याला घरात," असं म्हणून तुम्ही शेवटचा धागा जोडायचात. गोष्ट संपवायची ही तुमची रीत, असंच मला वाटायचं.

मग मी कॉलेजात जायला लागले. एकदा मैत्रिणी माग बघायला आल्या. तुम्ही खुशीत येऊन त्यांनाही बंदर दाखवायला लागलात आणि मला लाज वाटली. "आप्पा, वेंगुर्ल्याला पाणी उथळ आहे. मोठी जहाजं धक्क्याला लागतच नाहीत. उगाच काहीतरी सांगू नका." हे सगळं शुद्ध भाषेत, घरात कधी बोलत नव्हते तशा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागावला नव्हतात.

"पानी उथळ हाय व्हय?" तुम्ही म्हणालात. "मग न्हाय जमायचं."

त्यानंतर कितीतरी ताणे आपण जोडले, पण मुकाट्याने. मला तर तेव्हा बरंच वाटलं.

तुमचे दिवस झाल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "त्येंचा थोरला भाऊ, अण्णा, गेलता की गं, लोंढ्यासनं गाडीत बसून, गोव्याच्या बंदरावर हमालीला. परत आलाच न्हाय. तुला सांगिटलं न्हाय व्हय कधी?" सांगितलं होतं. प्रत्येक ताण्याला सांगितलं होतं. भाऊ संध्याकाळी घरी यावा म्हणून तुम्ही अख्खी रेल्वे वळवली होती, आणि मी तुम्हाला समुद्राची खोली शिकवत बसले.

लिहिता लिहिता काल मी त्या धक्क्यापाशी येऊन अडले. मग लिहिलं, 'वेंगुर्ल्याला पाणी खोल होतं.' जहाजं लागली. सांजच्या गाडीने तुमचे अण्णा परत आले, दारात पाय धुतले, आणि तुमच्या शेजारी जेवायला बसले.

हे पत्र कुठे धाडणार, वहीतच राहील. पण एक कबूल करते, आप्पा. ते पाण्याचं वाक्य लिहायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.