ऑस्ट्रेलिया, मार्गे बाळापूर

४ नोव्हेंबर, रात्री
मेल आला! ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाचा. स्पोर्ट्स मेडिसिन विभागात व्हिजिटिंग स्टुडंट, फेब्रुवारीत चार आठवडे. मेलमध्ये ‘अर्ज मिळाला, धन्यवाद’ एवढंच आहे. पण एवढं मोठं विद्यापीठ उगाच कुणाला धन्यवाद देईल का? म्हणजे झालंच. रुपा म्हणाली, दादा, हा मेल सगळ्यांना आपोआप जातो. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला मी आहे, ती बारावीला. असो.
१५ डिसेंबरपर्यंत कॉलेजचं पत्र, लसीचं सर्टिफिकेट आणि एखाद्या टीमसोबत चाळीस तास काम केल्याचं लॉगबुक. किरकोळ.
बाबांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या तांड्याला सांगितलं.

९ नोव्हेंबर
तांड्याचे प्रमुख, नाईक पुनमचंद यांच्या हस्ते सत्कार. तांड्यातून परदेशी जाणारा पहिला माणूस मी. बाबांना दोन शब्द बोला म्हणाले, तर त्यांनी माइक धरला आणि नुसतेच उभे राहिले. डोळे पुसून खाली बसले. मी पंचवीस मिनिटं बोललो. अजून पक्कं नाही हे सांगणार होतो, पण लोकांचा हिरमोड कशाला करा?
उद्यापासून लॉगबुक.

२३ नोव्हेंबर
फाट्यावर फ्लेक्स लागला. गळ्यात स्टेथोस्कोप. मला तो फारसा लागत नाही, पण फ्लेक्सवाल्याकडं तयार होता. आजवर सत्कार पाच, त्यातले दोन कळमनुरीत. शाली सात. लॉगबुक शून्य तास. नाही म्हणणं बरं दिसत नाही ना.

२ डिसेंबर, संध्याकाळ
कबड्डीच्या पोरांकडं गेलो. कॅप्टन प्रमोदचा घोटा मुरगळला. नशीब लागतं अशी केस मिळायला. मी लिगामेंटवर बोलायला सुरुवात केली. चाळीस मिनिटांनी प्रमोदनं विचारलं, डॉक्टर, बर्फ लावायचा का न्हाई तेवढं सांगा. तोवर बर्फाचं पाणी झालं होतं.
लॉगबुकात दोन तास लिहिले. खरं म्हणजे एकच. उरले अडतीस.

१४ डिसेंबर, रविवार
उद्या शेवटची तारीख. आज शाळेच्या मेळाव्यात सत्कार होता, प्रमुख पाहुणा मीच, कसं टाळणार? उद्याचा प्लॅन पक्का: सकाळी नांदेडला कॉलेज, दुपारी पत्रावर सरांची सही, रात्री आठला आरामात अपलोड. उरलेले तास अंदाजे भरतो.

१६ डिसेंबर
काल सर दुपारभर मीटिंगमध्ये. सही मिळाली पाचला, घरी पोचलो आठला. पोर्टल बंद. त्यांचे रात्रीचे बारा आपल्याकडं संध्याकाळीच वाजतात म्हणे. हे आधी सांगायला नको कुणी? रुपा म्हणाली, मी दोनदा सांगितलं होतं. विद्यापीठाला सविस्तर मेल टाकला. सोबत सत्काराचे चार फोटो. माणसंच आहेत ती, समजून घेतील.

२२ डिसेंबर
उत्तर आलं. कागदपत्रं वेळेत न मिळाल्यामुळे यंदा विचार करता येणार नाही, पुढल्या वर्षी जरूर अर्ज करा. फोटोंबद्दल एक शब्द नाही. रुपानं मागून वाचलं. तिला शपथ घातली. बाबांना उद्या सांगतो.

१० जानेवारी
सांगितलं नाही. संक्रांत तोंडावर आली. गोड बोलायच्या दिवसांत हे कुठं काढू?

२५ जानेवारी
आईनं, आमच्या याडीनं, ठेचा वाळवून डब्यात भरला. तिकडं लेकराला तिखट कुठून मिळायचं, म्हणाली. डबा बॅगेत ठेवला. उद्या नक्की.

७ फेब्रुवारी
हलगी वाजवत मला नांदेडच्या बसमध्ये बसवलं. शेजारच्या पारुबाईनं ओवाळलं. नांदेडला होस्टेलवर आमच्या तांड्याची दोन पोरं, तिथं कसा जाऊ? वाटेत आखाडा बाळापूरला उतरलो. तिथं माझ्या मित्राची, दिपकची खोली आहे, तो महिनाभर पुण्याला.
चार आठवडे सेल्फ स्टडी. ओळखीचं कुणी नाही, जेवणाचे हाल. एका परीनं परदेशच.

१० फेब्रुवारी
बाबांचा फोन. थंडी हाय का तिकडं? मरणाची, म्हटलं. मागून रुपा हसली. नंतर बघितलं, तिकडं सध्या उन्हाळा आहे.

१३ फेब्रुवारी, रात्री ९
आज बाजारात वांगी निवडत होतो. मान वर केली तर समोर बाबा. त्यांच्या मागं नाईक, विळ्याची धार बघत. बाबांनी मला नीट पाहिलं. मग नाईकांचा दंड धरला. चला, पलीकडं भाव बराबर लागतो, म्हणाले आणि त्यांना घेऊन गेले. मी वांगी तिथंच टाकली.
आत्ता बाबांचा फोन आला. रुपानं शपथ मोडून, नकार आला त्याच आठवड्यात त्यांना सांगितलं होतं. मग मला बसमध्ये काहून बसवलं, विचारलं. म्हणाले, पोरगं आपल्या तोंडानं सांगंल म्हणून दीड महिना वाट बघून राहिलो. रडलो.
मग म्हणाले, जेवलास का? न्हाई म्हटलं. म्हणाले, उद्या पहिल्या गाडीनं ये, हळद काढायला माणसं कमी पडून राहिली.
लोकांना काय सांगू, विचारलं. ते म्हणाले, मला आज एकदा खोटं बोलावं लागलं, आता तुझं तू बघ.
उद्या आधी नाईकांकडं जातो. उद्या म्हणजे उद्याच. गाडी सहाला आहे.