डोरीनच्या कोपराचं माप

४ जानेवारी, रविवार
पाऊस. नदी गढूळ. डोरीन नाताळाआधी बहिणीकडे याकिमाला गेली ती अजून तिकडेच. इथल्या दमट हवेत तिचे सांधे धरतात. तिकडे कोरडं असतं. सांधे सुटले की येईल.

संकल्प: ती यायच्या आत तिच्यासाठी गळाची काठी बांधायची. विकतची नाही. माझ्या हातची, मुठीच्या वर शाईने तिचं नाव घातलेली. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात स्टीलहेड मासा समुद्रातून नदीत चढला की बाई माझ्याबरोबर नदीवर येते आणि पिकअपमध्ये बसून राहते. कारण उघड आहे. तिची स्वतःची काठी नाही. हे आधी कसं सुचलं नाही, कमाल आहे.

उद्या ब्लँक आणतो. शनिवारी काठी तयार.

१० जानेवारी, शनिवार
आज रुडीच्या मासेमारीच्या दुकानात गेलो. (आठवडाभर पाऊस होता.) लोकांना वाटतं, ब्लँक म्हणजे नुसता कोरा दांडा, त्याला रिंगा बांधल्या, मूठ चिकटवली की झाली काठी. म्हणूनच लोकांना मासे मिळत नाहीत. साडेआठ फुटी घ्यायचा की साडेनऊ? नुसतं टोक वाकणारा की कमरेतून वाकणारा? रुडी म्हणाला, हा हिरवा घे, साडेनऊचा, मऊ आहे, डोरीनला हलका पडेल, आणि मला जेवायला जाऊ दे. म्हटलं, घाई तुला असेल.

हलवून बघताना ट्यूबलाइट फुटली. दुकानाचं छत बुटकं आहे, हे मी त्याला पूर्वीही सांगितलंय.

२४ जानेवारी
डोरीनचा फोन. सांधे कसे आहेत विचारलं, तर म्हणाली, माझ्या सांध्यांना काय झालंय? म्हणजे फरक पडतोय.

काठीचं सांगितलं नाही. एकदम हातात ठेवणार.

रुडीने हिरवा आणि एक काळा असे दोन ब्लँक घरी नेऊ दिले. म्हणे, तुझ्या घरी काय फोडायचं ते फोड. हिरवा फ्रिजला टेपने बांधला, टोकाला बटाट्यांची पिशवी लटकवली. काय सुंदर वाकला! मग टेप सुटली. बटाटे सिंकमध्ये. डोरीनचा निळा कप गेला. तसा तो तिचा नावडताच असणार, नाहीतर बाकीच्यांबरोबर नेला असता.

२ फेब्रुवारी, सकाळ
ब्लँकला कणा असतो. टोक टेकवून दांडा वाकवायचा आणि तळव्याखाली हळूहळू फिरवायचा. एका जागी तो आपणहून टुणकन उलटतो. तो कणा. रिंगा त्याच रेषेत बांधायच्या. दोन्ही ब्लँक परत नेऊन हे रुडीला समजावत होतो, तर म्हणाला, दांड्याचा सापडला ना, आता तुझा शोध. गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत!

वर म्हणाला, व्हर्न, अरे याकिमा चार तासांवर आहे, कुठलाही दांडा उचल आणि जा बाबा तिच्याकडे. रुडीला मासे कळतात. संसार कळत नाही. दोन बायका सोडून गेल्यात त्याला.

हिरवा की काळा, अजून ठरत नाही.

१४ फेब्रुवारी
अडचण ब्लँकची नव्हतीच. अडचण मापाची होती. मुठीची मागची बाजू माणसाच्या कोपरापर्यंत यावी लागते, आणि त्यावर ब्लँकची लांबी ठरते. डोरीनचा हात केवढा आहे? बराच वेळ आठवून पाहिलं. मध्यम असावा.

तिच्या स्वेटरच्या बाहीवरून माप घ्यावं म्हणून कपाट उघडलं. नुसते हँगर. धुवायला टाकले असतील. मापाची टेप घेऊन जरा वेळ कपाटासमोर उभा होतो. पाय जड झाले. डिसेंबरपासून हे असंच होतंय, पाण्याबाहेरसुद्धा पाय बधिर. बूट बदलायला हवेत.

१ मार्च, रविवार
डोरीनचा फोन. पुढच्या रविवारी तिचा वाढदिवस. म्हणाली, जेवायला ये, मी वाट बघेन. काहीही आणू नकोस. बोलू. आणि या वेळी आला नाहीस तर मी काय समजायचं ते समजेन.

मला फार आनंद झाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून काठीचं सांगून टाकलं आणि म्हटलं, जरा कोपरापासून मनगटापर्यंत मोजून सांग. ती म्हणाली, व्हर्न, मला थंडी वाजायची रे. मला मासा कधीच नको होता. तू खिडकीवर टकटक करायचास ती फक्त कॉफीसाठी. एकदा तरी आत येऊन बसायचं होतंस.

आवाज बसलेला वाटला. सर्दी असावी. माप राहिलंच.

७ मार्च
हिरवा पक्का! तसाच धावत रुडीकडे गेलो, तर त्याने तो काल विकला. म्हणे, दोन महिने कुणी वरात काढतं का एका दांड्याची! दुसरा मागवलाय. काळा चालला असता, पण काळा ताठ आहे. वाढदिवसाला ताठ दांडा घेऊन जाणं बरं दिसत नाही. रिकाम्या हातानं जाणं त्याहून वाईट. शिवाय घाटात बर्फ.

८ मार्च, रविवार
घाट मोकळा आहे असं रेडिओवर सांगताहेत. रेडिओचं काय खरं!

नदी निवळली होती, म्हणून गेलो. असं पाणी वर्षात दोनदा मिळतं. डोरीनला पटेल. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. मासा लागला नाही. लागला असता तरी कळलं नसतं, बोटं मेली होती. सगळंच मेल्यासारखं होतं. दुपारी काठावर आलो आणि पिकअपच्या खिडकीवर टकटक केली. सवय. कॉफी केलीच नव्हती.

संध्याकाळी फोन लावला. तिच्या बहिणीने उचलला. म्हणाली, ताट झाकून ठेवलं होतं, आत्ता उचललं.

१८ एप्रिल
हिरवा ब्लँक आला. बांधत बसलो नाही, तसाच घेऊन याकिमाला गेलो. पिकअपमध्ये मावत नाही. खिडकीतून टोक बाहेर, त्याला लाल फडकं. घाटात मागचे हॉर्न मारत होते.

डोरीन बहिणीच्या मागच्या अंगणात माती खणत होती. हात मातीचे, म्हणून आत नेलं नाही. शांतपणे म्हणाली, व्हर्न, मी इथेच राहणार आहे. मार्चच्या आठ तारखेलाच ठरलं ते. मी म्हटलं, याचा कणा बघ, किती सरळ आलाय. टेकवून, वाकवून दाखवला. टुणकन उलटला. ती जरा हसली. डोळे पुसले, तर गालाला माती लागली. माझ्या खिशात मापाची टेप होती. काढली नाही.

ब्लँक मात्र ठेवून घेतला. चांगली खूण आहे.

२८ जून, रविवार
डोरीनने मोबाईलवर फोटो पाठवलाय. ब्लँक वाफ्यात रोवलाय. त्यावर वाटाण्याचा वेल चढलाय, वरपर्यंत. खाली लिहिलंय, छान आधार झाला, थँक्स.

टोक बरोबर वाकलंय. मऊ घेतला तेच योग्य केलं. रुडीला फोटो दाखवला. त्याने खुर्ची पुढे केली.

फोटोत वेल सावरणारा तिचा हात आला आहे, कोपरापर्यंत. टेप काढून मोबाईलवर धरली. दीड इंच भरला. फोटोवरून माप कळत नाही.