बाकीचे वाचले का

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून त्या एका शुक्रवारी अडकून आहे. कुवेतला, फरवानियाच्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात तुम्ही सिंकपाशी मासे साफ करत होतात आणि मी टेबलाशी बसून अमेरिकेच्या त्या माजी अध्यक्षाचं चरित्र वाचत होते. तुमच्या शुऐबाच्या तेलाच्या प्लांटवरून निवृत्त होऊन घरी निघालेल्या एका अमेरिकन इंजिनियरने ते तुम्हाला भेट दिलं होतं. पाइपांची ड्रॉइंग तुम्ही घडाघडा वाचायचात, पण इंग्रजी परिच्छेद आला की अडखळायचात. म्हणून दर शुक्रवारी मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. मी तेरा वर्षांची. माझं मराठी म्हणजे आनंदच, निम्मं इंग्रजी. त्यात शेजारच्या मैत्रिणीकडे टीव्हीवर काहीतरी असायचं, जीव सगळा तिकडे.

इराकच्या ताब्यातून कुवेत सोडवणारा म्हणून त्याला तिथे सगळेच मानायचे. तुमचं मानणं जरा घरगुती होतं. तरुणपणी टेक्सासात जाऊन त्यानं तेलाचा धंदा केला हे कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, म्हणजे आपल्यातलाच की. लढाई जिंकूनही पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवला, याचा राग तुम्हाला इतका होता की आई हसायची, तुमचा कोण लागतो हो तो, म्हणून विचारायची.

पण तुमचं लक्ष त्याच्या राजकारणात नव्हतंच. इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा तुम्ही फहाहीलला एका खोलीत राहत होतात, बरोबर आपल्या शेजारच्या गावचे काका. काकांना कावीळ झालेली, उठवत नव्हतं. बगदादवरून अम्मानला जाणाऱ्या बसमध्ये एक जागा मिळाली. तू हो पुढे, मी मागच्या बसनं येतो, असं काका म्हणाले आणि तुम्ही गेलात. ते त्या खोलीतच वारले. दर सुट्टीत विमानतळावरून तुम्ही आधी त्यांच्या घरी बॅग उतरवायचात, मग आपल्या. हे मला तेव्हाही माहीत होतं. लहान होते म्हणून कळलं नाही, ही पळवाट मला नाही.

तर त्या शुक्रवारी धडा होता त्याच्या पहिल्या लढाईचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा. विशीचा नौदलातला वैमानिक, बरोबर आणखी दोघं. विमानाला आग लागली, त्यानं उडी मारली, समुद्रात पडला, पाणबुडीनं उचलला. एवढं मी भराभरा सांगितलं आणि मेली घाई मला, चार पानं एकदम उलटली. तुम्ही नळ बंद केलात.

"बाकीचे वाचले का?" तुम्ही विचारलंत.

मला वाटलं, पानांचं विचारताय. वाचले, वाचली, वाचलं यातला फरक मला कुठे धड येत होता! चोरी पकडली गेली असं वाटून मी म्हटलं, "हो, सगळे वाचले."

तुम्ही ओल्या हातांनी तसेच उभे राहिलात. मग म्हणालात, नशीबवान माणूस. तो आवाज ऐकला आणि तुम्ही काय विचारलं होतंत ते मला लख्ख कळलं. दुपारी तुम्ही झोपल्यावर मी ती चार पानं वाचून काढली. तुम्ही उठल्यावर चहा करून दिला, आणि काही बोलले नाही.

पुढे त्याचा मुलगा अध्यक्ष झाला आणि त्यानं इराकवर लढाई सुरू केली. मी बारावीत होते. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांच्या फटींना टेप लावून आपण तिघं आतल्या खोलीत बसायचो. एकदा भर दुपारी भोंगा वाजला, आणि आईनं धीर देण्यासाठी नेमका त्या बाप-लेकाचा विषय काढला. तुम्ही भिंतीकडे बघत बोललात. "मी एकाला टाकून आलो. त्यानं विमानातल्या दोघांनाही आणलं. म्हणून तो अध्यक्ष झाला." आई म्हणाली, अहो, तेच म्हणाले होते ना जा म्हणून. तुम्ही मान हलवलीत. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. दोन वर्षांनी तुम्ही गेलात ते हेच मनात धरून.

ते दोघे वाचले नाहीत, बाबा. एकाची हवाई छत्री उघडली नाही, दुसरा विमानातून निघालाच नाही. एकटा वाचलेला तो पुढे राजदूत झाला, हेरखात्याचा प्रमुख, उपाध्यक्ष, अध्यक्ष झाला, आणि म्हातारपणीही त्या दोघांबद्दल बोलताना त्याचे डोळे भरायचे. आपल्याकडून आणखी काही झालं असतं का, आपणच का उरलो, हे तो स्वतःला विचारत राहिला. हे सगळं त्या चार पानांत आणि पुढे होतं. तुम्हाला हवा होता तो सोबती तुमच्या टेबलावर पडलेला होता, आणि मी त्याला तुमच्यापासून तोडला.

हे आईला वाचून दाखवावं असं मनात होतं. नाही दाखवणार. ती एकच विचारेल, तेव्हाच का नाही बोललीस? त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मला सांगता येणार नाही. पानं गाळली म्हणून तुम्ही ओरडाल, याची मला भीती वाटली होती, बाबा. बस, एवढंच.