माणसं नंतर घालू

१५ सप्टेंबर २०२५

पोहोचलो एकदाचा मुकुटबनले. बाळापूरहून निघालो तेव्हा अब्बा म्हणे, कलीम, सुरत सोडलं, पुणं सोडलं, आता तिथून कधी पळतो ते फोन करून सांग. या बारीले नाही पळणार. जागा झकास आहे. कापसाच्या जिनिंगच्या मागं खोली, दारात कडुनिंब, नाक्यावर आलूबोंड्याची गाडी. खोलीत पंखाही आहे.

ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते साकेतभाऊ पांढरकवड्याचे. वडील कोर्टात होते, हे कॉम्प्युटर इंजिनियर. त्यांनीच ही डायरी दिली, बियाण्याच्या कंपनीची आहे. म्हणे उजेड किती ते मीटर सांगते, डोळ्याले कसा दिसला ते तू रोज लिही. म्हटलं, मी आठवी नापास. म्हणे, चालते.

१७ सप्टेंबर

काम समजलं. गेल्या सीझनले इथं झाडझूड करणाऱ्या सुखीबाईच्या पोराचा, नयनचा, हात मशीनमध्ये गेला. कोपरापासून. स्वतःचीच सावली हातावर पडत होती म्हणतात. म्हणून शेठनं नवे दिवे लावायले काढले. साकेतभाऊंनी सगळी शेड कॉम्प्युटरात उतरवली. दिवा कुठं लावला तर उजेड कुठवर जाईल, भिंतीवरून कसा उसळेल, ते प्रोग्राम आधीच दाखवते. मग तोच प्रोग्राम दिव्यांच्या डब्यात भरायचा, म्हणजे दिवे आपले आपण कमी-जास्त होतात.

प्रोग्राम फुकट मिळते, पण आपल्यापुरता बांधून घ्यावा लागते. बांधायच्या आधीच सांगायचं: उजेड किती वेळा उसळवायचा, हवेतला रुईचा फुफाटा मोजायचा का, हलणाऱ्या वस्तू मोजायच्या का. एकदा बांधला की चालू असताना बदलत नाही. आमच्या चाचाचं शटरचं दुकान आहे, तिथंही असंच. कुलूप आतून पाहिजे का बाहेरून ते बनायच्या आधी सांगा, बसल्यावर बोंबलून काय फायदा. भाऊ हसले, म्हणे अगदी तसंच.

२२ सप्टेंबर

घट बसले. शेठले घाई सुटली आहे, खंडेनवमीच्या पूजेले नवा उजेड पाहिजेच. हलणारं सगळं मोजायचं म्हटलं तर लॅपटॉप तापून बसून जाते. म्हणून भाऊंनी तो पर्याय बंद करून प्रोग्राम बांधला. खांब, भिंती, मशीन मोजायची. जे जागा सोडते ते मोजायचं नाही. मी विचारलं, मग आपण? लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणे, "माणसं नंतर घालू."

चित्र निघालं. रिकामी शेड, कोपऱ्या-कोपऱ्यात सारखा उजेड. शेठ खूश. सुखीबाई झाडून राह्यली होती. कोलाम आदिवासी बाई, कमी बोलते. चित्राकडं पाहून म्हणे, आम्ही कुठं आहो याच्यात? भाऊ म्हणे, बाई, तुम्ही हलता ना. ती म्हणे, मग मढं तेवढं दिसन साहेब.

२६ सप्टेंबर

छताच्या कैचीवर चढून सगळे दिवे मी लावले. दुपारी चालू केले. दुधासारखा उजेड, डोळ्याले बिलकुल टोचत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. हात हलवला तर खाली सावली पडत नाही. थांबवला की येते. पहिले गंमत वाटली. सुखीबाईले बोलावून दाखवलं. तिनं झाडू तिथंच टाकला आणि बाहेर गेली. मागं गेलो, तर निंबाखाली बसली होती. म्हणे, "नयनची सावली हलली म्हणून मले दिसलं रे बाबू. म्हणून धावली अन् बटन दाबलं. नाही तर पोरगा अख्खा गेला असता."

भाऊंले सांगितलं. म्हणे, पाहू.

२९ सप्टेंबर

आता नुसती सावली नाही. भाऊ माझ्याकडं चालत आले तर चपलांचा आवाज आला, माणूस नाही. थांबले तसे समोर उभे.

त्यांनी मोटर चालू केली. मोटरीपासून शाफ्टपर्यंत लांब पट्टा आहे, वाटेच्या आडवा, कंबरेखाली. धावायले लागला तसा दिसेनासा झाला. असं वाटे, कोणी उतरवून ठेवला. पुली जिथल्या तिथं फिरते, म्हणून ती दिसते. तीही थांबल्यासारखी.

तेवढ्यात नाक्यावरचं कुत्रं आत घुसलं. दिसलं, नाहीसं झालं. एकच केकाट. रक्त उडताना दिसलं नाही, जमिनीवर जिथं थांबलं तिथं दिसलं. मग अर्धं कुत्रं दिसलं. दुसरं अर्धं तडफडून राह्यलं होतं, म्हणून नव्हतं दिसत. मग तेही दिसलं. पट्टा आणि पुलीच्या मधात सापडलं होतं, म्हणून पट्टा उतरला, नाही तर थांबत नव्हता.

भाऊ म्हणे, माणसं घालून परत बांधतो. मी म्हटलं, दिवेच काढू. शेठ फोनवर म्हणे, एका कुत्र्यापायी?

३० सप्टेंबर

प्रोग्रामची बांधणी अर्ध्यावर येऊन तुटते. भाऊ जेवले नाही.

मी बॅग भरली. सुखीबाईनं पाहिली. अडवलं नाही, आपलं सांगत बसली. खंडेनवमीले मशीनले आराम असते, पट्टे उतरवतात. मग बाया पुलीले हळदीकुंकू लावतात. पहिला मान तिचा, नयनचा हात गेला त्या मशीनले. मी विचारलं, पट्टा उतरला का नाही हे कोण पाहते? म्हणे, पाहायचं काय, दिसतेच ना.

बॅग रिकामी केली. उद्या पूजेच्या आधी पट्टे मी स्वतः उतरवतो.

१ ऑक्टोबर

भाऊ गेले.

म्हणे नवा प्रोग्राम डब्यात भरला, एकदा चालवून पाहू, मग उतरव पट्टे. म्हटलं आज खंडेनवमी, आज चालवत नसतात. म्हणे एकच मिनिट. मोटरचं बटन दाबून लॅपटॉपमध्ये पाहत इकडं निघाले — दिसेनासे झाले — डब्यात प्रोग्राम जुनाच होता —

पट्ट्यानं गुंडाळून खांबावर आपटलं. आता पूर्ण दिसतात. डोकं सोडून. डोकं कुठं —

धरायले धावलो. पट्ट्याच्या जोडाची क्लिप जबड्यावर बसली. जबडा लटकून राह्यला. ओरडायले जातो तर नुसती हवा. पायाकडं पाहत नाही. उभं राहवत नाही. बटन पट्ट्याच्या पल्याड. फोन खोलीत.

बाहेर जनरेटर. पूजेचं दफडं वाजून राह्यलं. मोटर कोणाले ऐकू —

लिहितो तो हात दिसत नाही. पेन नाही. अक्षर तेवढं उमटते.

शेठ, ही डायरी कोणालेही सापडली तर — दिवे फोडा. प्रोग्राम परत बांधा. पहिले माणसं घाला. पहिले माणसं.

शटर वर गेलं.

सुखीबाईच्या बांगड्या. ताटात वाटी वाजली. दिसत कोणी नाही. चालून राह्यली ती.

थांब बाई थांब

दिसली. थांबली म्हणून दिसली. पुलीसमोर. चिमटीत कुंकू. ओठ दिसत नाहीत — पुटपुटते — बाकी सगळी दिसते. पट्टे उतरवले असंच वाटलं तिले. हात —

हात दिसत नाही आता. हलला. पुढं चालला —

मधात अंग सापडलं की पट्टा उतरतो. कुत्र्यानं उतरला. मी उठतो. उठलो की तिले दिसणार नाही, पण पट्ट्याले