निकालाआधीचे पेढे

शनि. ८ नोव्हें.
मैत्री आली पुण्याहून. तोंड एवढंसं झालंय पोरीचं. जेवताना एकदाचं बोलली. पीएच.डी. अडलीय. एकच प्रथिन बनवायचा निरोप यकृताच्या आणि स्नायूच्या पेशीत सारखाच पोचतो म्हणे. तरी यकृताची पेशी ते प्रथिन भराभर बनवते, स्नायूची रेंगाळते. सर मानत नाहीत. "तुझ्या पेशींच्या डब्यांचीच अदलाबदल झाली असेल."

मी म्हटलं, त्यात काय नवल? परिपत्रक एकच निघतं. सिन्नरचं ऑफिस त्याच दिवशी कामाला लागतं, आमच्याकडे आधी चहा होतो. हसली. मग एक पोळी जास्त खाल्ली.

मी मात्र कॉलनीभर सांगून बसलेय, लेकीनं शोध लावला म्हणून. समोरच्या शिंदेबाई रोज विचारतात, पेढे कधी? आता काय सांगू...

रवि. ९
विहारात दर रविवारी वंदनेनंतर कॉलनीतलं शिकणारं एक पोर आपल्या अभ्यासाविषयी बोलतं. आज मैत्री. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. काय बोलली! सगळ्यांना कळलं, आजीबाईंनासुद्धा. आमच्या ऑफिसचा चहाही सांगून टाकला. साहेब मागेच बसलेले. मेलेच मी.

आणि शेवटी म्हणते, "हे खरंच आहे असं अजून म्हणता येत नाही. माझी चूकही असेल."

अगं बये! चारचौघांत कुणी बोलतं असं? शिंदेबाईंनी वळून पाहिलंच माझ्याकडे. गायकवाडकाका, मनमाडचे रिटायर्ड रेल्वे गार्ड, त्यांनी विचारलं, "आणि चूक निघाली तर, बाळा?"

"तर तसंच लिहीन, काका. आकडे नाही फिरवणार."

काकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळे पुसायला पदर नवा, तरी पुसले.

बुध. १२
पुण्याहून मैत्रीचा फोन आला. प्रयोग पुन्हा केलाय. आता मोजणार लॅबमधली दुसरी मुलगी. डब्यांवर नावं नाहीत, नुसत्या खुणा. कुठली कसली ते तिला ठाऊक नाही. उद्या संध्याकाळी कळेल.
"भीती वाटते का गं?"
"वाटते ना. तू झोप."

गुरु. १३
ऑफिसातून येताना पेढे घेतले. पाव किलो म्हणता म्हणता अर्धा. शिंदेबाई दारातच.
"लागला का निकाल?"
"नाही अजून."
"मग हे कशाचे?"
"आधी तोंड उघडा."