दुसरी नळी

ईट, १४ मार्च १९८४

प्रिय बलभीम,

जयभीम. तुझ्या दाजींना जाऊन आज सतरा दिवस झाले. तू मातीला आलास, माझ्या गळ्यात पडून रडलास, तेव्हा भाऊ असावा तर असा, असं सगळी वस्ती म्हणाली. पण एसटीत चढताना मला बाजूला घेऊन तू हळूच विचारलंस, की धाकट्या दिराला, व्यंकटला, दाजींच्या जागी कारखान्यात वाळूच्या बंदुकीवर पाठवतेस का. बंदूक अडून राहिलीय, असंही म्हणालास. मी काही बोलले नाही, ते तुला होकारासारखं वाटलं असेल. तसं नव्हतं. चारचौघांत भावाला काय बोलायचं, म्हणून जीभ आवरली. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच.

तू औरंगाबादहून शिकून आलास आणि सहकारी औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड घेतलीस, तेव्हा मी किती मिरवले ते तुला माहीत आहे. आपल्यातला पहिला कारखानदार, माझा पाठचा भाऊ! बाहत्तरच्या दुष्काळापासून तुझे दाजी खडी फोडत होते. तू स्वतः खडीच्या ढिगापाशी येऊन त्यांच्या हातातला हातोडा काढून घेतलास. दाजी, दगड फोडून जन्म काढायचा का, म्हणालास. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. दगडाची धूळ चुकली, असं वाटलं. तीच धूळ बारीक करून तू त्यांना कोंडलेल्या खोलीत देणार आहेस, हे कुणाला ठाऊक होतं?

काम मात्र बघायला छान होतं, खोटं कशाला बोलू. जीप-ट्रकचे बिडाचे जुने ब्लॉक, ब्रेकचे ड्रम, गंजून पोपडे धरलेले, हात लावला की तांबडी भुकटी यायची. दाजी त्या पत्र्याच्या खोलीत शिरायचे, बंदुकीतून हवेच्या जोरानं वाळू सुटायची आणि घटकाभरात आतून राखेच्या रंगाचा कोरा ड्रम बाहेर यायचा. एकदा मी कौतुकानं हात फिरवला तर तू केवढा खेकसलास. हाताचा घाम लागला तर संध्याकाळपर्यंत पुन्हा गंज धरतो, आक्का. त्याच दिवशी लाल रंगाचा हात मारायचास. लोखंडाला किती जपत होतास रे तू.

वाळू मीच चाळत होते. नदीला पाणी नव्हतं, वाळू हवी तेवढी होती. वापरलेली वाळू झाडून गोळा करायची, चाळायची, पुन्हा घालायची. चौथ्या खेपेला ती पिठासारखी व्हायची. दाजी तोंडाला ओला पंचा बांधून आत जायचे आणि बाहेर आले की भुवया, पापण्या सगळं पांढरं. मी हसायचे, म्हणायचे, म्हातारे झालात. म्हातारे व्हायचं त्यांच्या नशिबात नव्हतं.

आता टोपाचं. तू विसरला असशील, मी नाही. कॉम्प्रेसर बसवायला पुण्याचा माणूस आला होता, मी चहा घेऊन उभी होते. त्यानं खोक्यातून एक टोप काढला, पुढं काच, मागं नळी. आत जाणाऱ्यानं हा घातल्याशिवाय जायचं नाही, या नळीतून त्याला चांगली हवा येते, असं म्हणाला. मग नळी जोडून बघितली, तर बंदुकीचा जोर निम्म्यावर आला. तो म्हणाला, साहेब, हे मशीन लहान आहे, दोघांना पुरायचं नाही, मोठं घ्या. तू म्हणालास, सध्या चालू द्या, पुढच्या वर्षी घेऊ. आणि टोप खुंटीवर अडकवलास. हवा एकच होती, ती तू बंदुकीला दिलीस.

पुढच्या वर्षी मोठं मशीन आलंही. त्यावर तू दुसरी बंदूक जोडलीस आणि उमरग्याकडच्या गुंडाप्पाला तिच्यावर उभा केलास. टोप खुंटीवरच राहिला. दाजींनी कधी मागितला नाही. मेव्हण्याकडं काय मागायचं, म्हणायचे. मी दोनदा बोलले, तर तू गुळाची ढेप पाठवलीस. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते, आक्का, रोज एक खडा देत जा. दर दोन महिन्यांनी ढेप यायची. भाव चढलेले असतानाही तू खंड पडू दिला नाहीस. आठ वर्षं रोज संध्याकाळी मी माझ्या हातानं त्यांच्या तळहातावर खडा ठेवला आणि माझा भाऊ किती काळजी घेतो, म्हणून शेजारणीला सांगितलं. जो गुळानं मरतो त्याला विष कशाला, असं म्हणतात ते मला आता कळलं. तुझ्यावर राग आहेच, पण त्या खड्यासाठी मी स्वतःलाही माफ करणार नाही.

खोकला लागला तेव्हा टीबी म्हणून वर्षभर सुया टोचल्या. शेवटी सोलापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरानं छातीचा फोटो खिडकीशी धरला आणि काम काय करता, एवढंच विचारलं. ऐकून त्यानं फोटो खाली ठेवला. हा टीबी नाही, छातीत वाळू बसलीय, हिला औषध नाही, असं म्हणाला आणि तसं कागदावर लिहून दिलं. तुला मी तो कागद दाखवला होता. तू तो घडी करून मला परत दिलास आणि म्हणालास, बिड्या ओढायचे ना दाजी. बलभीम, तुझ्या दाजींनी उभ्या जन्मात बिडी ओढली नाही.

व्यंकट येणार नाही. पण नुसतं एवढंच सांगायचं असतं तर मी एक कार्ड टाकलं असतं. तुझ्यासाठी दाजींचा निरोप आहे, मातीच्या दिवशी तू रडत होतास म्हणून गिळला. शेवटच्या दिवशी सरकारी दवाखान्यात त्यांना सिलिंडर लावला. तू तेव्हा मशीन बघायला मुंबईला गेला होतास. नर्सनं नाकातोंडावर टोपण बसवलं तशी त्यांनी नळी चाचपली आणि हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. नर्स ओरडत असताना टोपण बाजूला केलं आणि मला म्हणाले, "चांगुणा, बलभीमला सांग, मला मिळाली म्हनावं नळी. ती खुंटीवरची आता गुंडाप्पाला दे म्हनावं." त्यानंतर ते बोलले नाहीत. मी सोमवारी पहिल्या एसटीनं येते. गुंडाप्पाच्या डोक्यावर टोप दिसला, तर तुझ्या घरी चहा घेऊन परत फिरेन. खुंटीवर दिसला, तर डॉक्टरांचा कागद माझ्या पिशवीत असेल, आणि कामगार ऑफिसचा रस्ता मला माहीत आहे.

तुझीच, सोमवारपर्यंत तरी,
चांगुणा आक्का