बाद पाकिटावरची तारीख

कार्तिक व. ३, गुरु.
उद्या निफाडची मतमोजणी. संपादक म्हणाले, "शास्त्री, बाजाराचा कल द्या." कल कसला? दोन्ही उमेदवार चुलतभाऊ, दोघेही कांद्याचे व्यापारी. माझ्या वहीत थोरले ते थो., धाकटे ते धा. आमदार कोण ते कळेपर्यंत बोली लावायला कोणी धजेना. 'संभ्रम' लिहून दिलं. हा शब्द दर पाच वर्षांनी उपयोगी पडतो.
फौजेतल्या पोराचा, ओंकारचा, फोन नाही, पंचविसावा दिवस. चौकी बर्फात, रेंज नसते. युनिटला लावला: "सब ठीक है." हे 'ठीक' कोणत्या दिवसाचं, ते सांगत नाहीत.

व. ४, शुक्र.
द्वारका चौकातल्या वाहनकोंडीत तास गेला, तरी वेळेवर पोचलो. थो. अकरा मतांनी पुढे, आणि सैनिकांची टपालाने आलेली चौदा मतं बाद. पुन्हा तपासली, बादच राहिली. थो. विजयी. धा. कोर्टात जाणार.
आम्ही पत्रकार जाळीबाहेर. भाऊसाहेब, माझा शाळासोबती, धा.चा मोजणी प्रतिनिधी, चहाला बाहेर आला.
"तुझ्या ओंकारचं पाकीट बी बाद. आतल्या घोषणापत्रावर साक्षीला त्याच्या सायबाची सही नाय."
"ओंकारची आहे?"
"त्याची हाय."
"खाली तारीख कोणती?"
"तारीख कोन पाहतं? आम्ही सह्या पाहत होतो."
बातमी वेळेत दिली.

व. ५, शनि.
निफाडला लिलाव बंद. धा.च्या बाजूचे लोक थो.ला माल घालेनात.
पर्वतावर धूर, म्हणजे अग्नी. पाकीट आलं, म्हणजे पोरगा आहे. अनुमान बिनचूक, फक्त धूर कधीचा ते कळत नाही. पाठशाळेत न्यायशास्त्रातलं हे उदाहरण घोकताना त्या पर्वतावर कुणाचा मुलगा असेल असं वाटलं नव्हतं.
वरण पुन्हा दोघांचं झालं. बायको सुधा जाऊन तीन वर्षं झाली, हाताचं माप तेच.

व. ७, सोम.
भाऊसाहेब घरी. धा.च्या वकिलाचा कागद. मुलाचं मत ग्राह्य धरावं, असं मी लिहून द्यायचं. मग म्हणे कोर्ट पाकिटं मागवील.
"तुला तारीख पाहायला मिळंल, शास्त्री. दुसरीकडं कुठं मिळायची नाय."
दुखरी जागा त्याला शाळेपासून सापडते. तीस वर्षांत उमेदवाराचा चहा घेतला नाही, त्याच्या कागदावर सही तर दूरच.
संध्याकाळी थो.चा माणूस विचारायला आला. पोरानं मत कोणाला दिलं? म्हटलं, तो जेवला का, तेही मला ठाऊक नाही.

व. ८, मंगळ.
लिलाव सुरू, भाव पडलेले. संपादकांना पुन्हा 'संभ्रम'.
फोन नाही. तिसावा.
भाऊसाहेब चारला येतोय. कागद भरला. नाव, गाव. नातं: वडील. तारीख घातली, ठळक, लांबूनही दिसेल अशी.
सहीची जागा अजून मोकळी. साडेतीन झाले.